ठेव परत मागताना

आमच्या जिल्ह्यात ठेव ठेवणं आणि ठेव परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पतसंस्थेच्या बंद शटरसमोर पावत्यांची पिशवी काखेत धरून उभी राहिलेली माणसं आमच्या पिढीनं पाहिली आहेत. पावती खरी असते, शिक्का खरा असतो, मागच्या बाजूला व्याजाचे दर छापलेले असतात. नसतात ते फक्त पैसे. एवढं बघूनही, कॉम्प्युटरनं हिरवी खूण दाखवून ‘बॅकअप पूर्ण झाला’ म्हटलं की मी दिवा मालवून निवांत झोपत असे. पैशाच्या खात्यावर जमा झालेली अक्कल माणूस दुसऱ्या खात्यात वळती करत नाही.

मे महिन्यातली गोष्ट. मे महिन्यात एरंडोलच्या अंजनी नदीत पाण्यापेक्षा ऊन जास्त वाहतं. पारा ४४च्या वर गेला की तो किती वर गेला हे विचारायचंही माणसं सोडून देतात. अशा एका दुपारी मी कॉम्प्युटर सुरू केला, तर चुक् चुक् चुक् असा आवाज. सवयीनं ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत मी भिंतीवर पाल शोधली. पाल कुठेच नव्हती. चुकचुकत होती ती हार्ड डिस्क.

दुरुस्तीच्या दुकानातल्या पोरानं डबा उघडला, ब्लोअर मारला, पाच वर्षांची धूळ माझ्याच अंगावर उडवली आणि डिस्क काढून कानाला लावली. नाडी बघणाऱ्या वैद्याचा चेहरा जसा हळूहळू पडत जातो तसा त्याचा पडला.

“काका, हाई ते गयी.”

मग जरा थांबून, धीर द्यावा तसं म्हणाला, “बकप शे ना?”

“शे,” मी छाती पुढे काढून म्हणालो. एक नाही, तीन होते.

त्या डिस्कमध्ये आमचा कुळवृत्तांत होता. निवृत्त मास्तर दोन प्रकारचे असतात: एक सकाळी फिरायला जातात, दुसरे कुळवृत्तांत लिहितात. मी फिरायला जात नाही. अकरा वर्षं गावोगावच्या भाऊबंदांना पत्रं घालून, लग्नाच्या पंगतीत म्हाताऱ्यांना गाठून, शाळांचे जनरल रजिस्टर उलटवून मी नऊ पिढ्या गोळा केल्या होत्या. सगळं टाइप केलेलं. छापायचंच तेवढं बाकी होतं, आणि छापायचं बाकी असणं ही कुळवृत्तांताची कायमची अवस्था असते.

पहिला बॅकअप होता डी ड्राइव्हमध्ये. हसू नका, एरंडोलपासून नंदुरबारपर्यंत निम्म्या कॉम्प्युटरवाल्यांचा बॅकअप तिथेच आहे. ‘सी’मध्ये विंडो उडते, म्हणून महत्त्वाचं ते ‘डी’मध्ये टाकावं, हे मला वीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते गुरुमंत्रासारखं पाळलं. विंडो उडते तेव्हा ते बरोबरही असतं. पण ‘सी’ आणि ‘डी’ या एकाच धाब्याच्या घरातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत चोराची भीती म्हणून दागिने मागच्या खोलीत ठेवले, तर ते चोरापासून वाचतील. धाबंच बसलं तर काय, हा प्रश्न मी वीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

दुसरा बॅकअप खरा होता. विंडोजच्या फाइल हिस्टरीनं घेतलेला, वेगळ्या डिस्कवरचा.

वंशावळीचा नाद असल्यामुळे मी त्या काळात विंडोजच्या बॅकअपचीही वंशावळ काढून पाहिली, आणि आमच्या घराण्यापेक्षा त्यांच्यात भानगडी जास्त निघाल्या. मूळपुरुष एनटीबॅकअप. एक्सपीपर्यंत नांदला, तोही एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत आपणहून समोर येत नसे. सीडीच्या अडगळीतून शोधून बसवावा लागे. तो सगळा ऐवज बीकेएफ नावाच्या एका गाठोड्यात बांधायचा. २००७ साली व्हिस्टा आली आणि नव्या सुनेनं सासऱ्याच्या हातची गाठ सोडायला सरळ नकार दिला. जुनं गाठोडं उघडायला वेगळं अवजार इंटरनेटवरून आणावं लागे. पुढे २००९च्या विंडोज सातमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ नावाचा शहाणा मुलगा झाला. फायलीही ठेवायचा, सगळ्या यंत्राची प्रतिमाही काढून द्यायचा. २०१२ साली आठ आली, फाइल हिस्टरी जन्माला आली, आणि शहाण्याची रवानगी माळ्यावर. दहामध्ये त्याला पुन्हा खाली आणून बसवला. आज विंडोज अकराच्या कंट्रोल पॅनेलमध्ये गेलात तर त्याच्या दारावर अजून पाटी आहे: बॅकअप अँड रिस्टोअर, आणि पुढे कंसात विंडोज ७. त्यातल्या प्रतिमा काढण्याच्या सोयीकडे आम्ही यापुढे लक्ष देणार नाही, दुसरं काही बघा, असं कंपनीनं २०१७ मध्येच जाहीर केलं. म्हातारा मात्र ओसरीवर बसलेलाच आहे. कुणी हाक मारली की ‘ओ’ देतो.

या घराण्यात सिस्टिम रिस्टोअर नावाची एक चुलत शाखाही आहे, २००० सालच्या विंडोज मीमधून आलेली. नावामुळे तिच्याविषयी फार गैरसमज आहेत. ती यंत्राची घडी कालच्यासारखी लावून देते. तुमची पत्रं, फोटो, पणजोबा यांच्याशी तिचा संबंध नाही. आमच्या शाळेतल्या एका शिपायाचा बाणा असा होता. घंटा वेळेवर, फळा लख्ख, पण वर्गातल्या पोराविषयी विचाराल तर ‘ते काम मास्तरचं’.

फाइल हिस्टरी सरळ स्वभावाची आहे. डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप वगैरे तुमच्या नेहमीच्या जागांवर नजर ठेवते आणि दर तासाला जे बदललं असेल त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर टाकते. अट एकच, बाहेरची डिस्क जोडलेली पाहिजे. आमची डिस्क गोदरेजच्या कपाटात, चांदीच्या निरांजनाशेजारी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेली होती. वस्तू मौल्यवान आहे असं एकदा ठरलं की आपण ती वापरत नाही. शेवटची जोडली होती ती दोन दिवाळ्यांपूर्वी. बाकीच्या साडेपाचशे दिवसांत ही बिचारी दर तासाला दाराशी येऊन परत गेली असणार.

दुसरी गोष्ट तेव्हा कळली. तिनं नजर ठेवलेल्या जागांत डी ड्राइव्ह नव्हताच. मी गुरुमंत्र पाळून खरी फाइल नेमकी तिथे ठेवलेली, जिथे पाहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. नशीब एवढंच, की डेस्कटॉपवर ‘कुळवृत्तांत फायनल नवीन’ नावाची एक भटकी प्रत पडलेली होती. ती मिळाली. दोन दिवाळ्या जुनी, पण मिळाली. दुकानातल्या पोरानं नव्या डिस्कवर विंडो टाकून दिली, मी हात जोडून फाइल उघडली, आणि पहिल्या पानावर मूळपुरुषाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा भरडा निघाला. पुढची तीनशे पानं तशीच.

मराठीत ज्यांनी युनिकोडच्या आधी टाइप केलं आहे त्यांना यात नवल नाही. कृतिदेवसारखे ते जुने फॉन्ट म्हणजे बहुरूप्याचा खेळ. कॉम्प्युटरच्या लेखी आत इंग्रजी ‘डी’च असतो, फॉन्ट त्याच्या अंगावर ‘क’चा अंगरखा चढवतो. अंगरखा हरवला की आतला ‘डी’ उघडाबोडका बाहेर येतो. माझा फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये होता आणि फाइल हिस्टरी त्या फोल्डरला हात लावत नाही, कारण तिच्या मते ते तुमचं नव्हे, विंडोजचं. युक्तिवाद चूक म्हणता येत नाही. माझं अख्खं घराणं मात्र विंडोजचे कपडे घालून उभं होतं. तो फॉन्ट कुठल्या सीडीवर होता, ती सीडी कुणी दिली होती, तो माणूस आता कुठे आहे... असो.

इथे पुतण्याचा प्रवेश होतो, तिसरा बॅकअप त्याच्याकडे होता. पुतण्या जळगावला इंजिनियर झाला आणि लिनक्सच्या पंथाला लागला. त्या पंथात माळकऱ्यांचा निर्मळपणा असतो आणि माळकऱ्यांसारखेच ते समोरच्याच्या ताटाकडे बघत असतात. तीन वर्षांपूर्वी त्यानं माझा कुळवृत्तांत आणि माझे फॉन्ट लिनक्स मिंटवर नेऊन, ‘काका, बघा, इथेही मराठी दिसतं,’ असं दाखवलं होतं. मी फोन केला. त्यानं रात्रीतून शोधलं आणि सकाळी सांगितलं, “काका, फॉन्ट मिळाले. फाइल नाही.”

कारण मिंटमध्ये जे टाइमशिफ्ट येतं ते यंत्र सांभाळतं, घर सांभाळत नाही. लिनक्समध्ये माणसाच्या स्वतःच्या सामानाच्या जागेला होम म्हणतात, आणि टाइमशिफ्ट आपण सांगितल्याशिवाय होमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. करणाऱ्यांनी हे आधीच स्पष्ट लिहून ठेवलंय: ही सोय सिस्टिमसाठी आहे, तुमच्या कागदपत्रांसाठी वेगळी व्यवस्था करा. मिंटमध्ये त्यासाठी दुसरं अवजार आहे. उबुंटूवाल्यांकडे देजा दूप नावाचं आहे. पुतण्यानं फॉन्ट सगळ्या यंत्रासाठी बसवले होते म्हणून ते टाइमशिफ्टच्या पदरात पडले, आणि माझी फाइल त्याच्या होममध्ये होती म्हणून मधल्या साफसफाईत गेली.

म्हणजे विंडोजकडे माझे शब्द होते आणि लिनक्सकडे माझी अक्षरं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. बोलणं मात्र तेव्हा उमटलं जेव्हा पुतण्यानं फॉन्ट पाठवले, मी ते बसवले आणि भरड्यातून एकेक पणजोबा डोकं वर काढू लागला. मी लिनक्सविषयी त्यानंतर वाकडं बोलत नाही. त्यांच्यातल्या पुष्कळ सोयींच्या पोटात आरसिंक नावाचं एक अवजार आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी १९९६ साली केलेलं. ते दोन्हीकडचा हिशेब ताडून पाहतं आणि जेवढं बदललं तेवढंच पाठवतं. शेजारीण पीठ मागायला आली तर आख्खा डबा न देता कमी पडेल तेवढी वाटी देणारी बाई मला त्यात दिसते. तीस वर्षं झाली, वाटी अजून तीच आहे.

आता मुलगी. मुलगी पुण्यात असते, मॅक वापरते, आणि आमच्या या धावपळीकडे चांगल्या सोसायटीच्या गॅलरीतून बघावं तसं बघत होती. “बाबा, टाइम मशीन चालू ठेवायचं असतं फक्त. बाकी काही करायचंच नसतं.” या वाक्यातला ‘फक्त’ मला लागला, पण ते खरं आहे. टाइम मशीन ऑक्टोबर २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर आलं. डिस्क जोडली की ते एकदा विचारतं, हिच्यावर बॅकअप घेऊ का, आणि नंतर विचारत नाही. चोवीस तासांच्या तासातासाच्या प्रती, महिन्याभराच्या रोजच्या, त्यामागच्या आठवड्याच्या. जागा संपली की सगळ्यात जुनी प्रत गुपचूप गळते. ते सगळंच घेतं, फायलीही आणि फॉन्टही. मागे जायचं म्हटलं की खिडक्यांची एक रांग दूर काळोखात गेलेली दिसते. पूर्वी तर मागे सगळं आकाश चांदण्यांनी भरलेलं असायचं. फाइल शोधायला आलेल्या माणसाला कैलासयात्रेला निघाल्यासारखं वाटावं, अशी सगळी मांडणी.

पण खातंही तसंच. ज्या यंत्राचा बॅकअप घ्यायचा त्याच्या निदान दुप्पट जागेची डिस्क ठेवा, असं अ‍ॅपलच सांगते. आमच्या गावाला हा प्रकार अनोळखी नाही. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी अशी आमच्याकडची श्रद्धा आहे, आणि बकासुराला भीमानं मारलं ते इथेच, पद्मालयाच्या बाजूला, भीमकुंड दाखवतात. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा त्याचा रतीब होता. बकासुर आणि बकप यांचं नातं मी पद्मालयाच्या पायरीवर बसून लावलं. फरक इतकाच, की बकासुर खाल्लेलं परत देत नसे. त्याच पद्मालयात एका गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या सोंडेचा. पुतण्याला ते दाखवलं तेव्हा तो पटकन म्हणाला, “काका, मिररिंग!” आणि मग स्वतःच कानाला हात लावून, “पण मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे बरं का. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं.” गणपतीसमोर असं बोलू नये एवढं मी त्याला सांगितलं. बोलला ते बरोबर होतं.

तर मुलीनं काळोखातल्या त्या रांगेत तीन वर्षं मागे जाऊन मी कधीतरी मेलनं पाठवलेला कुळवृत्तांत काढला. माझ्याकडे दोन दिवाळ्यांपूर्वीचा होताच, त्याहून जुना घेऊन काय करायचं, असं मी म्हणणार होतो. मग उघडून पाहिला आणि गप्प झालो.

त्यात माझा चुलतभाऊ होता.

मधल्या काळात आमचं बांधावरून भांडण झालं होतं. दीड फुटाचा बांध आणि एक बाभूळ. मोजणी झाली, बोलाचाली झाली, आणि एका रात्री रागाच्या भरात मी त्याची आख्खी शाखा, त्याचे वडील म्हणजे माझे सख्खे काका धरून, निवडून डिलीट केली. एकोणीस माणसं. एका बटणात. पुढे बाभूळच वादळात पडली, भांडणही पडलं, तो घरी भरीत-भाकरी खाऊन गेला, आणि मी त्याची शाखा पुन्हा टाइप केली. ती पुन्हा टाइप केलेली शाखा आता चुकचुकत गेलेली. फाइल हिस्टरीच्या प्रतीत तो नव्हता, कारण ती दिवाळी आमच्या अबोल्याची होती. टाइम मशीन मात्र भांडणाच्या अलीकडे न थांबता पलीकडे जाऊन आलं आणि काकांना त्यांच्या जन्मसालासकट घेऊन आलं. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. “चालेल,” एवढंच म्हणालो.

मॅकचंही एक आहे. टाइम मशीनची डिस्क आणून माझ्या विंडोजला जोडली तर ती मख्खासारखी बघत राहते. ठेव ज्या खिडकीवर ठेवली त्याच खिडकीवर परत मागायची. मायक्रोसॉफ्टनं तर खिडकी ढगातच नेली आहे. आताच्या विंडोज बॅकअपमध्ये सगळं वनड्राइव्हला जातं, तिथे फुकट जागा पाच जीबी, आणि आमच्या एका साखरपुड्याचे फोटोच त्याच्या वर भरतात. विंडोज दहाची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली तेव्हा घरगुती ग्राहकांना एक वर्षाच्या सुरक्षेची मुदतवाढ मिळवायचे जे मार्ग दिले, त्यातला एक बिनपैशाचा होता: तुमच्या सेटिंग्ज आमच्या बॅकअपमध्ये ठेवा. ठेव ठेवा, मुदतवाढ घ्या. वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण मी जळगाव जिल्ह्याचा आहे, मला तसं वाटणारच.

दोन ठिकाणच्या दोन प्रती हातात आल्यावर वाटलं, सुटलो. खरा त्रास तिथून सुरू झाला. प्रती एकमेकींशी जुळेनात. एका प्रतीत आत्याचं जन्मसाल १९३१, दुसरीत १९१३. एका प्रतीत पारोळ्याच्या काकांना तीन मुलं, दुसरीत चार, आणि चौथा कोण हे पारोळ्यालाही सांगता येईना. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि संपलं १९६६ साली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. माझ्या दोन प्रतींना पावसाळा पुरला. त्या पंडितांविषयीचा माझा आदर मात्र त्या चार महिन्यांत १,२५९ पटींनी वाढला.

एवढं करूनही शेवटच्या दोन वर्षांत जमवलेलं काही नव्हतंच. त्यात सगळ्यात वरच्या तीन पिढ्या होत्या. मूळपुरुष म्हणून मी आता ज्याला मिरवत होतो तो खरा मूळपुरुष नव्हे, त्याच्याही वर तिघं होते, हे मला माहीत होतं आणि त्यांची नावं आठवत नव्हती. मी पुतण्याला विचारलं, पुतण्यानं तीन-दोन-एकचा नियम ऐकवला: प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. जगभर ३१ मार्चला बॅकअप दिवस पाळतात, हेही त्यानं सांगितलं. ज्या दिवशी भारतातल्या एकाही हिशेबनिसाला मान वर करायला फुरसत नसते, तो दिवस निवडणाऱ्याचं मला कौतुक वाटलं.

आमची ही इतका वेळ शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, “अहो, ती नावं काय त्या डब्यातून उगवली होती का? जिथून आणली तिथे जा.”

आमच्याकडे अशा गोष्टी बायकांनाच सुचतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरोटावर आणि शेतात तोंडातून निघायच्या, आणि मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या एका मावसभावानं त्यातल्या ऐकतील तशा वहीत उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक झालं. वहीत उतरल्या नाहीत त्या ओव्या त्यांच्याबरोबरच गेल्या. त्या किती होत्या हे विचारायला आता कुणी नाही.

तर आम्ही नाशिकला गेलो. पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. घराबाहेरची प्रत म्हणतात ती याहून किती बाहेर असावी? मुलगी पुण्याहून परस्पर तिथे आली. पंचवटीत आमच्या घराण्याचे जे तीर्थोपाध्याय आहेत त्यांच्या ओसरीवर बसलो. अस्थी घेऊन, श्राद्धाला, कुंभमेळ्याला जो जो येईल त्याचं नाव, गाव, बापआज्याचं नाव वहीत उतरवायचं आणि त्याची सही घ्यायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

“गाव?”

“एरंडोल.”

“आडनाव?”

सांगितलं. गुरुजी आत गेले. मी घड्याळात पाहिलं. तांबड्या कापडात बांधलेली लांबट वही घेऊन ते बाहेर आले तेव्हा चार मिनिटंही झाली नव्हती. पासवर्ड विचारला नाही, आवृत्ती कोणती हे विचारलं नाही. गाठ सोडली, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं. मी चष्मा लावून वाकलो आणि मला काही वाचता येईना. सगळं मोडीत. आडव्या रेघेखाली लोंबणाऱ्या वेलांट्यांची एक अखंड वेल.

“फॉन्ट नाही?” मुलगी माझ्या कानात म्हणाली.

फॉन्ट होता, तो गुरुजींच्या डोक्यात होता. त्यांनी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली आणि माझे हरवलेले तिघं एकामागून एक ओसरीवर येऊन बसले. मी लिहून घेतलं. या वेळी युनिकोडमध्ये, आणि आधी कागदावर. पानं जीर्ण झाली की नव्या वहीत उतरवून काढतात, आणि उतरवताना चुकाही होतात. आमचे एक पूर्वज एकाच पानावर दोनदा आले आहेत, दुसऱ्यांदा वेगळ्या बायकोसह. चूक की खरंच, हे गुरुजींना सांगता आलं नाही.

पुढे देवनागरी लागली. आजोबांची सही, वडिलांची सही. आणि वडिलांच्या सहीखाली एक गोल, नीट, परीक्षेच्या पेपरात असावं तसं अक्षर. माझं. १९७१. आजोबांच्या अस्थी घेऊन वडिलांबरोबर आलो होतो तेव्हाचं. सही करायची हौस म्हणून नावाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. त्या माणसाची एवढीच एक प्रत शिल्लक होती आणि ती माझ्याकडे नव्हती.

“गुरुजी, या वहीची दुसरी प्रत असेल ना?” मी विचारलं.

“मुलानं फोनमध्ये फोटो काढलेत सगळे.”

“आणि फोनचा बॅकअप?”

“ते त्यालाच विचारा,” गुरुजी म्हणाले, आणि कोरं पान काढून पेनचं टोपण उघडलं. “पुढची नावं सांगा.”

मी पुतण्याचं नाव सांगितलं. त्याच्या मुलाचं सांगितलं. चुलतभावाचं आणि त्याच्या दोन्ही मुलांचं, आठवणीनं. मुलगी वहीत डोकं घालून मागची पानं चाळत होती. “बाबा, यात एकही मुलगी नाही,” ती म्हणाली. “टाइम मशीनमध्ये असते तशी वगळायची यादी आहे का काय? ती बदलता येते.”

गुरुजी हसले. “येते की. हल्ली पुष्कळ जण सांगतात. बोला, माहेरचं लावू की सासरचं?”

“दोन्ही लावा,” ती म्हणाली. “एक गेलं तर दुसरं असू दे.”

“शुभ बोल गं,” ही म्हणाली.

गुरुजींनी पेन टेकवलं. उठेना. झटकलं, तळहातावर गिरवून पाहिलं, पुन्हा टेकवलं. मी खिशातलं माझं काढून दिलं.